कपडे धुण्याची व्हीगन उत्पादने कशी निवडावीत

व्हीगन उत्पादन म्हणजे ज्यात प्राण्यांपासून मिळालेला कोणताही पदार्थ, अगदी दूध किंवा मधही नाही, असे उत्पादन. कपडे धुण्याच्या उत्पादनांत प्राणिज पदार्थ नेमके कोठे असू शकतात हे एकदा समजले, की निवड फारशी अवघड राहत नाही. अशी ठिकाणे मोजकीच आहेत, आणि ज्या वेष्टनावर ‘नैसर्गिक’, ‘पारंपरिक’ किंवा ‘मुलायम’ असे शब्द ठळकपणे छापलेले असतात, तेथेच शोध आधी घ्यावा, असे माझे मत आहे.

याउलट, किराणा दुकानात मिळणारी साधी धुण्याची पावडर बहुधा निर्धोक असते. तिच्यात मळ काढण्याचे मुख्य काम पेट्रोलियमपासून तयार होणारे लिनिअर अल्किलबेंझीन सल्फोनेट करते, आणि त्याच्या जोडीला धुण्याचा सोडा, सोडियम सल्फेट, सिलिकेट अशी खनिज द्रव्ये असतात. अर्थात ती व्हीगन असली म्हणून पर्यावरणपूरक ठरत नाही. तो प्रश्न वेगळा आहे आणि दोन्हींची गल्लत करू नये. पावडरीतील एन्झाइमे, म्हणजे डागांचे विघटन करणारी द्रव्ये, प्राणिज तर नाहीत ना, अशी मात्र अनेकांना शंका असते, आणि तिला ऐतिहासिक आधारही आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओटो रोम यांनी १९१३ मध्ये कपडे धुण्यासाठी एन्झाइम वापरण्याचे पेटंट घेतले, तेव्हा ते एन्झाइम कत्तल केलेल्या जनावरांच्या स्वादुपिंडातून काढले जात असे. आज धुण्याच्या उत्पादनांतील प्रोटीएज (प्रथिनांचे विघटन करणारे), लायपेज (मेदाचे) आणि अमायलेज (पिष्टाचे) ही एन्झाइमे जिवाणू किंवा बुरशी मोठ्या टाक्यांत वाढवून मिळवली जातात, त्यामुळे वेष्टनावर ‘एन्झाइमयुक्त’ एवढेच लिहिलेले असल्यास ते उत्पादन नाकारण्याचे कारण नाही.

खरी दक्षता साबणाच्या वडीबाबत घ्यावी लागते. साबण म्हणजे तेल किंवा चरबी आणि क्षार यांच्या अभिक्रियेतून बनणारा पदार्थ. तेलाच्या जागी गुराढोरांची चरबी वापरली, तर घटकांच्या यादीत ‘सोडियम टॅलोएट’ असे नाव दिसते, पाम तेल वापरले तर ‘सोडियम पामेट’ आणि खोबरेल वापरले तर ‘सोडियम कोकोएट’. जनावरांची चरबी भारताच्या आयात-प्रतिबंधित वस्तूंच्या यादीत असल्याने येथील मोठे उत्पादक प्रामुख्याने पाम आणि तांदळाच्या कोंड्याचे तेल यांवर अवलंबून असतात. तथापि देशात निघणाऱ्या चरबीला ही बंदी लागू नाही, म्हणून सुट्या, बिननावाच्या वड्या घेताना विचारणा करणे बरे. ग्लिसरीन आणि स्टिअरिक आम्ल हे दोन घटक वनस्पतींपासूनही मिळतात आणि चरबीपासूनही, त्यामुळे केवळ नाव वाचून त्यांचा उगम कळत नाही. हाताने बनवलेल्या महागड्या साबणांत बकरीचे दूध, मध किंवा मधमाश्यांचे मेण घातलेले असते आणि ते अभिमानाने जाहीरही केलेले असते, हे एका अर्थी सोयीचेच आहे. युरोपात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी मार्सेय साबण (फ्रान्समधील मार्सेय शहराच्या नावाने ओळखला जाणारा साबण) घेताना नावावर विसंबू नये. पारंपरिक प्रकारात ७२ टक्के वनस्पतिज तेल असते, परंतु त्याच नावाने विकल्या जाणाऱ्या काही वड्यांत टॅलोएट आढळते.

त्यानंतर येते शेवटच्या पाण्यात टाकायचे कंडिशनर. कपड्याला मऊपणा देणारी त्यातील द्रव्ये लांब साखळीच्या मेदाम्लांपासून बनतात, आणि त्यासाठी गुरांची चरबी दीर्घकाळ वापरली गेली आहे. ‘डायहायड्रोजनेटेड टॅलो’ हे शब्द दिसल्यास शंकेला जागाच नाही, कारण टॅलो म्हणजे गुरांची चरबी. ‘एस्टरक्वाट’ किंवा ‘कॅटायॉनिक सर्फॅक्टंट’ असा मऊपणा देणाऱ्या द्रव्यांचा केवळ प्रकार सांगणारा उल्लेख असल्यास मात्र उगम चरबीचा की पामचा, हे कंपनीच सांगू शकते. अमेरिकेत ड्रायरमध्ये टाकण्याचे जे सुगंधी कागद मिळतात, त्यांवरही अनेकदा असाच लेप असतो, आणि त्यांना पर्याय म्हणून सुचवले जाणारे गोळे लोकरीचे असतात. खरे तर आपल्याकडे उन्हात वाळणाऱ्या सुती कपड्यांना कंडिशनरची गरज फार थोडी असते, आणि टॉवेलची पाणी शोषण्याची क्षमता त्याने कमीच होते. बोअरच्या जड पाण्यामुळे कपडे कडक होत असतील, तर धुताना थोडा धुण्याचा सोडा आणि शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरे व्हिनेगर पुरते. मात्र व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नयेत, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

डाग काढण्यासाठी जर्मनीत आणि नेदरलँड्समध्ये बैलाच्या पित्ताचा साबण सर्रास विकला जातो, आणि लोकरीसाठीच्या काही द्रावणांत मेंढीच्या लोकरीतून निघणारे लॅनोलिन असते. या दोहोंवाचून काहीही अडत नाही. तेलकट डागावर भांडी घासण्याचे द्रावण चोळावे, आणि दूध, रक्त किंवा वरणाचे डाग एन्झाइमयुक्त पावडरीच्या कोमट पाण्यात अर्धा तास भिजवावेत. हळदीचा डाग साबण लागताच लालसर होतो, त्याने घाबरून जाऊ नये. तो क्षाराचा परिणाम असतो, आणि कपडा धुऊन कडक उन्हात वाळवला की डाग फिका पडत जातो.

व्हीगन झाल्यावरही आजीची पैठणी किंवा जुनी शाल अनेक घरांत राहतेच, आणि रेशीम व लोकर ही स्वतःच प्रथिने असल्याने प्रोटीएज असलेली पावडर त्यांचे धागे कमकुवत करते. जरीची पैठणी घरी धुऊच नये. साधी रेशमी साडी आणि शाल यांसाठी रिठे उत्तम. बिया काढलेली दहा-बारा रिठ्यांची टरफले लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवावीत, सकाळी पंधरा मिनिटे उकळून कुस्करावीत आणि पाणी गाळून गार झाल्यावर वापरावे. हे पाणी दोन-तीन दिवसांत आंबते, डोळ्यांत गेल्यास झोंबते आणि पांढऱ्या कपड्यांवर पिवळट छटा सोडू शकते. शिवाय मळकट कामाचे कपडे त्याने नीट निघत नाहीत, हेही मान्य केले पाहिजे. खळीसाठी तांदळाची पेज किंवा साबुदाणा चालतो, आणि नेहमीची नीळ प्राणिज नसते.

चिन्हांवरून निवड करताना त्यांचा अर्थ नेमका जाणावा. हिरवा ठिपका शाकाहाराचा असतो, आणि त्या व्याख्येत दूध व मध बसतात. भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२२ मध्ये लागू केलेले व्हीगन चिन्ह केवळ खाद्यपदार्थांसाठी आहे. सशाची चिन्हे प्राण्यांवर चाचणी न केल्याची ग्वाही देतात, घटक प्राणिज नसल्याची देतीलच असे नाही. ब्रिटनच्या व्हीगन सोसायटीचे सूर्यफुलाचे चिन्ह मात्र घटक आणि चाचणी अशा दोन्ही बाबींना लागू आहे. भारताने २०१४ मध्ये प्राण्यांवरील चाचण्यांना घातलेली बंदी सौंदर्यप्रसाधनांपुरती आहे, धुण्याची पावडर तिच्यात येत नाही.

चिन्ह नसेल आणि घटकांची यादीही अपुरी असेल, तर वेष्टनावरील ग्राहकसेवेच्या पत्त्यावर ईमेल पाठवावा. ‘उत्पादन व्हीगन आहे का?’ एवढाच प्रश्न केल्यास ‘आमची उत्पादने शाकाहारी आहेत’ असे छापील उत्तर येण्याची शक्यता असते. त्याऐवजी उत्पादनाचे पूर्ण नाव आणि बॅच क्रमांक देऊन तीन गोष्टी विचाराव्यात: मेदाम्ले, ग्लिसरीन आणि मऊपणा देणारी द्रव्ये कशापासून मिळवली आहेत, दूध, मध, रेशीम किंवा लॅनोलिन यांपासून बनलेला कोणताही घटक आहे का, आणि कंपनी किंवा तिचे पुरवठादार प्राण्यांवर चाचण्या करतात का. आलेले उत्तर जपून ठेवावे आणि वेष्टनावर ‘नवे सूत्र’ असे दिसताच पुन्हा विचारावे, कारण कच्चा माल बदलला तरी उत्पादनाचे नाव तेच राहू शकते.