शेतातली ताऱ्यांची रात्र : आधी दुपारी उत्तर पकडा

पौष-माघातलं खान्देशातलं आकाश घरच्या सगळ्यांनी मिळून पाहावं असंच असतं. पाऊस कधीचा गेलेला असतो, कपाशी वेचून झालेली असते, रात्री थंड आणि कोरड्या असतात. तरी बहुतेक घरांची ही रात्र फसते. दुर्बीण नसते म्हणून फसत नाही. आपण कुठे तोंड करून बसलो आहोत हे कुणालाच माहीत नसतं, म्हणून फसते. पोरं अर्धा तास मान वर करून बसतात, कुणीतरी मोबाइल काढतो, आणि नऊ वाजता सगळे परत निघतात.

खाली दिलेल्या वेळा जानेवारीच्या मध्यातल्या आहेत. फेब्रुवारीच्या मध्यात जात असाल तर ताऱ्यांच्या वेळांतून दोन तास वजा करा. म्हणजे जानेवारीत दहाला जे आकाश दिसतं, ते फेब्रुवारीत आठलाच दिसतं.

दिवस आणि शेत

अमावास्येआधीचे पाच-सहा दिवस किंवा नंतरचे तीन दिवस धरा. कपाशी उपटलेलं मोकळं शेत किंवा खळं उत्तम. केळीच्या बागेला लागून बसू नका. पानं अर्धं आकाश झाकतात, बागेतली ओल अंगावर येते, आणि रानडुकरांचा वावरही तिथेच असतो. शेजारच्या शेताला झटक्याची तार आहे का, हे उजेड असतानाच सगळ्या मुलांना दाखवून ठेवा. गाव पश्चिमेला राहील असं शेत मिळालं तर सोनं, कारण संध्याकाळनंतर पाहण्यासारखं बहुतेक सगळं उत्तर, पूर्व आणि दक्षिणेला असतं. रात्रीच्या पाळीची वीज असेल तर मोटारीच्या खोलीवरचा दिवा काढून ठेवा. तो एक दिवा रात्र घालवायला पुरेसा असतो.

गोधड्या, घोंगड्या, कानटोप्या लागतील त्याच्या दुप्पट घ्या. भरीत आणि कळण्याची भाकरी अंधार पडायच्या आत संपवा, काट्यांचा जाळ पूर्ण विझवून त्यावर माती टाका. शेकोटी आणि तारे एका रात्रीत जमत नाहीत.

दुपारचं काम : उत्तरेची रेष

खरा डाव इथेच आहे, म्हणून सकाळी अकराच्या आत शेतात पोचा.

ध्रुव शोधायचे दोन सल्ले सर्रास दिले जातात. पहिला, सगळ्यात तेजस्वी तारा तो ध्रुव. हे साफ चुकीचं आहे. ध्रुव हा मध्यम तेजाचा, दुसऱ्या प्रतीचा तारा आहे. या दिवसांत ईशान्येला उंचावर चमकणारा ब्रह्महृदय त्याच्यापेक्षा कितीतरी ठळक दिसतो आणि हमखास तोच ध्रुव म्हणून दाखवला जातो. दुसरा सल्ला सप्तर्षींवरून शोधायचा. तो बरोबर आहे, पण जानेवारीत पोरं जागी असतात त्या वेळी सप्तर्षी पुरते उगवलेलेच नसतात. सातही तारे क्षितिजाच्या वर यायला रात्रीचे साडेअकरा होतात. मोबाइलमधलं होकायंत्र लोखंडी खाटेजवळ, ट्रॅक्टरजवळ किंवा मोटारीजवळ खुशाल भलतीकडे उत्तर दाखवतं. त्याच्या नादी लागू नका.

सावलीवरून उत्तर काढा. शंकूची, म्हणजे उभ्या रोवलेल्या काठीची, ही रीत आपल्या ज्योतिषग्रंथांत फार जुनी आहे. चाळीसगावजवळ पाटण इथे भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला होता. १३ व्या शतकाच्या सुरुवातीचा तिथला शिलालेख त्याची साक्ष देतो. ती विद्या आपल्याच मुलखात शिकवली जात होती, तेव्हा मुलांना ही रीत हाताने करू द्या.

सपाट, शक्यतो सारवलेली जागा घ्या. २ फूट उंचीची सरळ काठी जमिनीत उभी रोवा. उभी म्हणजे ओळंब्यात उभी : दोरीला दगड बांधून दोन बाजूंनी तपासा. काठी थोडी जरी कलली तरी पुढची सगळी रेष वाकडी पडते, आणि हे रात्रीपर्यंत कळत नाही. जमीन उतरती असेल तरी तेच होतं.

अकरा वाजता सावलीच्या टोकावर खुंटी ठोका. सावली साधारण २७ इंच भरेल. काठीच्या बुडाला सैल दोरी अडकवून, त्या खुंटीपर्यंतच्या लांबीने जमिनीवर वर्तुळ काढा. सावली हळूहळू आखूड होत वर्तुळाच्या आत येईल. साडेबारानंतर ती सर्वांत आखूड होईल. आपल्याकडे मध्यान्ह घड्याळाच्या बारा वाजता होत नाही, जळगावला या दिवसांत १२ वाजून ३७ मिनिटांच्या आसपास होते. ‘बारा वाजताची सावली म्हणजे उत्तर’ हा सल्ला म्हणूनच मोडीत काढा. दुपारी सव्वादोनच्या सुमारास सावलीचं टोक पुन्हा वर्तुळाला टेकेल. या वेळी एकाने तिथे बसूनच राहायचं, कारण पाच मिनिटं चुकली की खूण चुकली. टेकलं की दुसरी खुंटी ठोका.

दोन खुंट्या जोडणारी दोरी पूर्व-पश्चिम. तिचा मध्य काढा आणि काठीच्या बुडाशी जोडा : ही तुमची उत्तर-दक्षिण रेष. ती बांधापर्यंत लांबवून चुन्याने आखा.

आता त्या रेषेवर, बांधालगत, दोन काठ्या रोवा. दक्षिणेकडची २ फूट उंच, तिच्यापासून बरोबर ३ फुटांवर उत्तरेकडची ३ फूट २ इंच उंच. हे १४ इंचांचं अंतर उगाच नाही. ध्रुव क्षितिजापासून जितका वर दिसतो, तितकाच आपल्या जागेचा अक्षांश असतो. खान्देश साधारण २१ अंशांवर आहे आणि ३ फुटांना १४ इंच हा चढ तितकाच होतो. चाळीसगावपासून शहाद्यापर्यंत कुठेही हेच माप चालतं, फरक एका इंचाच्याही आत राहतो. तुराट्या वापरू नका, त्या वाकतात. बांबू घ्या आणि दोन्ही टोकांना पांढरी चिंधी गुंडाळा, नाहीतर अंधारात टोकच दिसत नाही.

अंधार

सूर्य सहानंतर मावळतो, पण पुरता अंधार साडेसातला होतो. त्यानंतरही डोळ्यांना २० ते ३० मिनिटं लागतात, आणि कुणीतरी एकदा मोबाइल उघडला की ती मिनिटं पुन्हा पहिल्यापासून मोजायची. म्हणून सगळ्यांचे मोबाइल एका डब्यात ठेवा, मोठ्यांचे आधी. पायवाट दिसायला एकच बॅटरी, तीवर लाल जिलेटीन कागदाचे तीन-चार थर. आजीला किंवा लहानग्याला उठायचं झालं तर लाल उजेड जमिनीकडेच धरा. विंचवा-सापासाठी पायांत बूट हवेतच.

ध्रुव

आठ वाजता एकेकाला मागच्या काठीजवळ बसवा. एक डोळा मिटून तिच्या टोकावरून पुढच्या काठीचं टोक पाहायचं. त्या टोकाभोवती, मुठीएवढ्या जागेत, एकच ठळक तारा असेल. तोच ध्रुव. हात लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंश झाकते, म्हणजे ध्रुव क्षितिजापासून दोन मुठी वर. लहान मुलाचा हात आखूड तशी मूठही लहान, त्यामुळे हे माप सगळ्यांना लागू पडतं. तापीच्या उत्तरेला असाल तर समोर सातपुड्याची काळी कड दिसेल आणि ध्रुव तिच्या बराच वर असेल.

पडताळा शर्मिष्ठेवरून घ्या. वायव्येला, ध्रुवापेक्षा उंच, पाच ताऱ्यांचा डावीकडे कललेला इंग्रजी ‘एम’ दिसतो. त्याच्या मधल्या ताऱ्यापासून उजवीकडे खाली तीन मुठी आलं की ध्रुव. जुळला की पुढची काठी हलकेच सरकवून ध्रुव नेमका टोकावर आणा आणि माती घट्ट दाबा.

बाकीचं आकाश

आता पाठीवर झोपा. डोक्यावर जवळजवळ मध्यभागी कृत्तिकांचा पुंजका आहे. सरळ रोखून पाहण्यापेक्षा नजर किंचित बाजूला ठेवली की जास्त तारे दिसतात. प्रत्येकाने आपला आकडा मनात ठेवायचा आणि मग सांगायचा. मुलं बहुतेक वेळा मोठ्यांपेक्षा जास्त मोजतात. आग्नेयेला मृग, त्याच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण. बाणाची रेष खाली वाढवली की व्याध, वर वाढवली की तांबूस रोहिणी आणि तशीच पुढे पुन्हा कृत्तिका. घरात दुर्बीण असेल तर ती साधी, दोन्ही डोळ्यांना लावायची ७×५० किंवा १०×५० ची असू द्या, आणि मृगाच्या बाणाखालच्या धूसर ठिपक्यावर लावा. मुलांच्या पहिल्या रात्रीसाठी मोठी खगोल दुर्बीण विकत घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. रात्र सगळी ती लावण्यातच जाते.

दहा वाजता सगळ्यांना पुन्हा काठ्यांपाशी आणा, डुलक्या घेणाऱ्यांनासुद्धा. मृग दोन तासांत तीन मुठी सरकलेला असेल, शर्मिष्ठा खाली उतरलेली असेल आणि ध्रुव काठीच्या टोकावरच असेल. पृथ्वी फिरते हे पाठ असलेल्या मुलाला ते इथे डोळ्यांनी दिसतं. तो काही बोलला नाही तरी चालेल, समजावत बसू नका.

अकराच्या सुमारास पाठ फिरवून त्याच रेषेवर दक्षिणेला पाहा. क्षितिजापासून दीड मूठ वर अगस्त्य असतो, व्याधाखालोखाल तेजस्वी. उत्तर भारतातल्या बऱ्याच भागांत तो क्षितिजाला टेकलेला किंवा दिसतच नाही, आपल्याकडे चांगला वर येतो.

निघताना वर्तुळाच्या खुंट्या काढा, बांधावरच्या दोन काठ्या तशाच राहू द्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलं त्याच काठ्यांवरून पाहतील तेव्हा शर्मिष्ठा दिसणार नाही. उत्तरेला वर सप्तर्षी असतील. जुनी माणसं त्यांना बाज म्हणतात, ती बाज मुलांना आजोबांनीच दाखवावी.