वाड्याचा जिना आणि चार दिवस: एमसीएम स्पर्धेचा अनुभव

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असताना, जानेवारी 2025 मध्ये, आम्ही तिघांनी मॅथेमॅटिकल कॉन्टेस्ट इन मॉडेलिंग, म्हणजेच एमसीएम, या स्पर्धेत भाग घेतला. अमेरिकेतील कोमॅप ही संस्था 1985 पासून ही स्पर्धा घेते आणि कोणत्याही देशातील महाविद्यालयाचा, जास्तीत जास्त तीन विद्यार्थ्यांचा संघ तीत उतरू शकतो. गणिताची स्पर्धा म्हटली की आपल्याकडे ठरावीक तासांत एकट्याने सोडवायची प्रश्नपत्रिका डोळ्यांसमोर येते. येथे मात्र चार दिवस, एकच प्रश्न आणि उत्तर म्हणून इंग्रजीत लिहिलेला, 25 पानांच्या मर्यादेतला शोधनिबंध, असे स्वरूप असते.

नोंदणी विद्यार्थ्यांना स्वतः करता येत नाही; महाविद्यालयातील एका शिक्षकांना सल्लागार म्हणून ती करावी लागते. आमच्या वर्षी संघामागे 100 डॉलर शुल्क होते आणि त्यासाठी परदेशी व्यवहार चालणारे कार्ड लागते, त्यामुळे ही व्यवस्था डिसेंबरातच करून ठेवावी. प्रश्न खुले झाल्यावर सल्लागार शिक्षकांनाही काही विचारता येत नाही. पुस्तके, लेख, आकडेवारी वाटेल तितकी वापरावी, पण संघाबाहेरच्या कोणत्याही माणसाची मदत घ्यायची नाही, हा नियम कडक आहे.

प्रश्न आपल्याकडे शुक्रवारी पहाटे साडेतीनला खुले होतात. एमसीएमचे प्रश्न ए, बी आणि सी असे तीन असतात. ढोबळमानाने पहिला कलनशास्त्राकडे झुकणारा, दुसरा विविक्त गणिताचा (सुट्या, एकेक मोजता येणाऱ्या गोष्टींच्या गणिताचा) आणि तिसरा आकडेवारीचा. त्या वर्षी सी प्रश्न ऑलिंपिक पदकांचा होता आणि त्याची आकडेवारी हाताशी तयार मिळत होती. ए प्रश्न झिजलेल्या पायऱ्यांचा होता: पायरीच्या झिजेवरून जिना किती वापरला गेला, चढणारे अधिक होते की उतरणारे, माणसे एकामागून एक जात की जोडीने, हे सांगता येईल का? आम्ही ए निवडला, कारण पुण्याच्या पेठेतील एका जुन्या वाड्याचा दगडी जिना आम्हाला माहीत होता आणि हाताने मोजता येईल अशा गोष्टीवर काम करण्याची ओढ तिघांनाही होती. निवडीला चार-पाच तासांहून अधिक वेळ देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

शनिवारी सकाळी आम्ही पायरीच्या दोन्ही कडांवर दोरा ताणून धरला आणि दर पाच सेंटिमीटरवर दोऱ्यापासून दगडापर्यंतची खोली व्हर्नियरने, म्हणजे बारीक मापे घेण्याच्या मोजपट्टीने, मोजली. माणसे जिन्याच्या मध्यातून चालतात असे गृहीतक आम्ही आदल्या रात्री लिहून ठेवले होते, परंतु सर्वांत खोल खळगा भिंतीच्या बाजूला सरकलेला निघाला. मान वर केली तेव्हा कारण दिसले: चढताना धरायचा दोर त्याच बाजूला लोंबत होता. गृहीतक बदलले आणि त्याबरोबर सगळे समीकरणही बदलले. खालच्या तीन पायऱ्या तर जवळजवळ सपाट होत्या. वाड्यातल्या काकू आपणहून जिन्याची हकीकत सांगू लागल्या, तेव्हा "काकू, मंगळवारनंतर सांगा, आत्ता ऐकले तर नियम मोडेल" अशी विनंती आम्हाला करावी लागली.

आमच्या प्रतिमानाचा, म्हणजे झीज गणितात मांडणाऱ्या मॉडेलचा, पाया आर्चर्डचा झिजेचा नियम होता: झिजलेले घनफळ हे भार आणि घर्षणाचे अंतर यांच्या प्रमाणात वाढते आणि पदार्थाच्या कठीणपणाच्या व्यस्त प्रमाणात असते. यातून एक अडचण लगेच पुढे येते. थोडी माणसे पुष्कळ वर्षे चालली किंवा पुष्कळ माणसे थोडी वर्षे चालली, तरी एकूण झीज तीच. म्हणून झिजेच्या खोलीवरून फक्त एकूण पावलांचा अंदाज निघतो. चालण्याची रीत समजायची तर खळग्याचा आकार पाहावा लागतो. झिजेचा गुणांक, म्हणजे दगड किती लवकर झिजतो हे सांगणारा आकडा, दुप्पट धरला की पावलांचा अंदाज निम्म्यावर येत होता, आणि ही संवेदनशीलता आम्ही आलेखासह निबंधात दाखवली. परीक्षकांना अचूक आकड्यापेक्षा असा प्रामाणिक हिशेब अधिक भावतो, असे मला गौरवलेले जुने निबंध वाचून वाटते.

आमची चूक लेखनात झाली. पहिल्या पानावर एका पानाचा सारांश असतो आणि प्राथमिक चाळणीत परीक्षक मुख्यतः तोच वाचतात. आम्ही तो सोमवारी मध्यरात्रीनंतर लिहायला घेतला. दोन रात्रींच्या जागरणानंतर तिघांपैकी कोणालाही चार सरळ वाक्ये सुचेनात, आणि शेवटी सारांशात पद्धतींची नावे आली, पण निष्कर्षाचा एकही आकडा आला नाही. तिघांपैकी एकाने शुक्रवारपासून फक्त लेखन सांभाळावे, सारांशाचा कच्चा खर्डा शनिवारीच करावा आणि रोज रात्री तो नव्याने लिहावा, हे मी नवीन संघांना कळकळीने सांगेन. लाटेक्सचा (गणिती मजकूर छापील रूपात जुळवणाऱ्या प्रणालीचा) साचा आधीच बसवून ठेवावा. पानांवर महाविद्यालयाचे किंवा विद्यार्थ्यांचे नाव येता कामा नये, फक्त संघाचा क्रमांक हवा. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वापरली असतील तर त्यांचा अहवाल शेवटी जोडावा लागतो. तो 25 पानांत मोजला जात नाही.

मंगळवारी सकाळी साडेसहाला वेळ संपली. निकालात आम्हाला 'सक्सेसफुल पार्टिसिपंट' ही श्रेणी मिळाली. तिच्या वर ऑनरेबल मेन्शन, मेरिटोरियस, फायनलिस्ट आणि आउटस्टँडिंग अशा पायऱ्या आहेत.

त्या मंगळवारी दुपारी झोप झाल्यावर आम्ही पुन्हा वाड्यात गेलो. खालच्या तीन पायऱ्यांबद्दल निबंधात आम्ही दोन शक्यता लिहिल्या होत्या: दगड वेगळा असावा किंवा पायऱ्या नव्या असाव्यात. काकूंनी सांगितले की दगड तेच आहेत, फार झिजले म्हणून त्यांच्या सासऱ्यांनी ते उलटून बसवले होते. आम्ही खाली वाकून पाहिले, तर तिसऱ्या पायरीच्या कडेखाली जुन्या खळग्याची गुळगुळीत कड बोटाला लागत होती.