इंग्लंडच्या जुन्या हवेलीत मराठी लग्न: आग, अक्षता आणि आवाज

भाचीच्या लग्नासाठी आम्ही इंग्लंडमधली सात कंट्री हाउस हॉटेलं पाहिली. सगळीकडे तेच: लांबलचक हिरवळ, लाकडी तक्तपोशीची लायब्ररी, चहाबरोबर स्कोन. आम्ही भारावून खोल्या किती, पार्किंग किती, एवढंच विचारून परत यायचो. पाचव्या भेटीनंतर कुठे डोक्यात प्रकाश पडला, की आपण विचारायचं ते विचारतच नाही आहोत.

ही घरं लग्नाचे हॉल म्हणून बांधलेली नाहीत. एल्सबरीजवळच्या हार्टवेल हाउसमध्ये फ्रान्सचा अठरावा लुई 1809 ते 1814 परागंदा होऊन राहिला होता. यॉर्कचं मिडलथॉर्प हॉल 1699 चं. क्लिव्हडनची आजची इमारत 1851 ची, आणि तिचा वास्तुविशारद चार्ल्स बॅरी म्हणजे लंडनच्या पार्लमेंटचाच. मिडलथॉर्प आणि क्लिव्हडन आज नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेच्या मालकीची आहेत, हार्टवेल तिच्याकडे भाडेपट्ट्याने आहे, आणि तिन्हीकडे हॉटेलं चालतात. अशी घरं बहुतेक ‘लिस्टेड’, म्हणजे कायद्याने जपलेली. तोरणासाठी भिंतीला खिळा मारायचा विषयच नाही. स्वतःच्या पायावर उभी राहणारी चौकट आणावी लागते.

आधी कायदा

इंग्लंड-वेल्समध्ये हॉटेलात नुसत्या सप्तपदीने कायदेशीर लग्न होत नाही. 1995 पासून मान्यताप्राप्त जागी रजिस्ट्रारला बोलावून नोंदणी लग्न लावता येतं. आता ते तिथल्या बागेतही चालतं. पण त्या समारंभात धार्मिक विधी चालत नाही. म्हणजे सकाळी लायब्ररीत नोंदणी आणि मग मांडवात वैदिक, असे दोन वेगळे कार्यक्रम. आम्ही नोंदणी आदल्या आठवड्यात रजिस्टर ऑफिसात दोन साक्षीदारांसमोर उरकली. लग्नाचा दिवस मोकळा मिळाला.

वधूवरांनी आपापल्या राहत्या जिल्ह्यात नोटीस द्यायची. त्याआधी तिथे किमान 7 दिवस राहिलेलं असावं लागतं, आणि नोटिशीनंतर 28 दिवस थांबावं लागतं. दोघांतला कुणी व्हिसावर असेल तर ही मुदत 70 दिवसांपर्यंत वाढू शकते. हॉटेलात नोंदणी करणार असाल तर रजिस्ट्रार त्या हॉटेलच्या भागातल्या कार्यालयातून वेगळा ठरवावा लागतो. हॉटेल बुक केलं म्हणजे तो आला असं होत नाही. वधूवर दोघेही भारतातून येऊन इथे कायदेशीर लग्न करणार असतील तर साधा व्हिजिटर व्हिसा चालत नाही, मॅरेज व्हिजिटर व्हिसा लागतो. (स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे, तिकडची माहिती इकडे लावू नका.)

मुहूर्त

इथला लग्नाचा हंगाम मे ते सप्टेंबर. आपला चातुर्मास त्यातले निम्मे दिवस खातो. 2026 मध्ये 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे आणखी कात्री. पंचांगात गौणकाल मुहूर्त, म्हणजे अडचणीला चालवून घ्यायचे दुय्यम मुहूर्त, दिलेले असतात, ते घरात चालतात का हे ज्येष्ठांना हॉटेलला पैसे भरण्याआधी विचारा.

आणि पुण्याहून गोरज मुहूर्त काढून आणू नका. जूनअखेर लंडनच्या आसपास सूर्य मावळतो रात्री सव्वानऊनंतर. तोवर हॉटेलचा आचारी स्वयंपाकघर बंद करायच्या बेतात असतो. त्या गावाच्या सूर्योदय-सूर्यास्तावर गणित करणारे गुरुजी शोधा. लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 पासून आहे. चौकशी तिथून सुरू केलीत तर बरं.

आग

खरा प्रश्न हा. सरेमधलं क्लँडन पार्क हे असंच एक जुनं घर 29 एप्रिल 2015 ला विजेच्या बोर्डातल्या बिघाडामुळे पेटलं आणि आतून जवळजवळ पूर्ण जळून गेलं. तिथेही लग्नं व्हायची. अशा घरांचे व्यवस्थापक ‘फायर’ शब्दाला का दचकतात ते यावरून समजावं.

म्हणून ‘होम चालेल का?’ एवढं मोघम विचारू नका. ‘नाही’ असंच उत्तर येतं. आम्ही आमच्या होमकुंडाचा फोटो पाठवला: वीतभर तांब्याचं कुंड, खाली विटा, त्याखाली वाळूने भरलेली स्टीलची परात. किती समिधा, किती तूप, आग किती मिनिटं, शेवटी कोण विझवणार, सगळं लिहून दिलं. मग दगडी पोर्चमध्ये, वरती छत पण तिन्ही बाजूंनी मोकळं, अशी जागा मिळाली. आतच होम करायचा असेल तर त्या भागातला धूरसूचक कोण, किती वाजता बंद करणार आणि परत कधी चालू करणार, हे नावानिशी ठरवा. हे सगळं ईमेलवर असू द्या. बुकिंग घेणारी बाई लग्नापर्यंत तिथे नोकरीत असेलच असं नाही.

अक्षता

हळदकुंकू लावलेले तांदूळ जुन्या गालिच्यावर पडले की डाग, आणि गुळगुळीत लाकडी जमिनीवर पडले की आजोबा घसरतात. आम्ही पांढऱ्या अक्षता आणि सुक्या गुलाबपाकळ्या एकत्र केल्या, मांडवाखाली कापड अंथरलं. हळद सरळ बाहेर हिरवळीवर लावा, आणि जुने टॉवेल घरून न्या. हॉटेलचा पांढरा टॉवेल पिवळा झाला तर त्याची किंमत बिलात दिसते.

आवाज

बऱ्याच घरांत साउंड लिमिटर असतो. ठरावीक डेसिबलच्या वर आवाज गेला की तो डीजेची वीज तोडतो. आमच्याकडे ढोल-ताशा पथक जरा हौसेने आत शिरलं. ढोलाला वीज लागत नाही, पण डीजे गप्प झाला आणि नवरीची एन्ट्री नुसत्या टाळ्यांवर झाली. पथक बाहेर ठेवा, वेळ ठरवून घ्या, आणि लिमिटर किती डेसिबलचा हे आधी विचारा.

जेवण आणि पैसे

काही हॉटेलं बाहेरचा केटरर घेऊच देत नाहीत. तसं असेल तर आचाऱ्याला मसालेभात, मठ्ठा आधी एकदा करून दाखवायला लावा. आमच्याकडच्या पहिल्या मठ्ठ्यात पुदिना आणि साखर होती. दर विचारताना 20 टक्के व्हॅट आणि सर्व्हिस चार्ज धरून आकडा मागा. पावसात कुठल्या खोलीत लग्न लागणार तेही विचारा, आणि ती खोली बघून या.

शेवटी खोल्यांचं वाटप. मुख्य घरात झोपायच्या खोल्या थोड्याच. बाकीच्या बऱ्याचदा ‘स्टेबल ब्लॉक’मध्ये, म्हणजे पूर्वीच्या घोड्यांच्या पागेत. त्या सुंदर असतात, कित्येकदा मोठ्याही. पण विहीणबाईंनी भिंतीवरची पाटी वाचून नातेवाइकांना फोनवर ‘आम्हाला तबेल्यात उतरवलंय’ असं सांगितलं, की ते पुढची वीस वर्षं ऐकावं लागतं. जानवसा मुख्य घरातच द्या. तबेल्यात आपण राहावं.