टाटा १६१३ ट्रकचा गंजलेला एल्बो: काढायचा कसा, बसवायचा कसा

रेडिएटर ठीक, वॉटर बॉडी (पाण्याचा पंप) ठीक, हेड गॅसकेटही ठीक. तरी नाशिकच्या प्रत्येक फेरीला गाडी लिटर-दोन लिटर पाणी प्यायची. महिनाभराने सापडलं ते ब्रेकच्या हवेच्या कॉम्प्रेसरजवळ. माझ्या गाडीत तो कॉम्प्रेसर इंजिनच्याच पाण्यावर थंड होतो, आणि ते पाणी नेणारा बोटभर एल्बो, म्हणजे वळलेला आट्यांचा जोड, गंजला होता. थेंब गरम लोखंडावर पडून तिथेच वाळायचा. जमिनीवर डाग नाही, काही नाही. फक्त आट्यांच्या कडेला मिठासारखा हिरवट-पांढरा थर.

गळती शोधताना ओल शोधू नका, तो थर शोधा. थंड इंजिनवर, टॉर्च घेऊन.

गाडी बाबांची, कमिन्स इंजिनची. गेली अकरा वर्षं मी चालवते म्हणजे धंदा चालवते. स्टिअरिंगवर ड्रायव्हर असतो. लासलगावचा कांदा वाशीच्या मार्केटला, परतताना मिळेल ते. मुक्काम घणसोलीला, खाडीच्या अंगाला. खाऱ्या वाऱ्याने फिटिंग बाहेरून खाल्लं जातं हे खरं, पण आमचं आतून जास्त खाल्लं होतं. बाबा ढाब्यावर मिळेल ते बोअरचं पाणी ओतायचे. त्यातले क्षार आणि क्लोराइड धातू खातात. कूलंटमधलं गंजरोधक औषधही काळाने संपतं, म्हणजे हिरवा रंग दिसतो म्हणून सगळं ठीक असं नाही.

काम सुरू करायच्या आधी गाडी पूर्ण थंड होऊ द्या. रात्री उभी केलेली गाडी सकाळी घ्यावी हे उत्तम. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं की दाबाखालचं पाणी एकदम उकळून तोंडावर येतं. चाकाला लाकूड लावा, खाली घमेलं ठेवा आणि सगळं कूलंट काढून बंद कॅनमध्ये भरा. ते चवीला गोड आणि विषारी असतं. उघडं घमेलं राहिलं तर पार्किंगमधली कुत्री चाटतात. गटारात तर मुळीच नाही.

होज, म्हणजे रबरी नळी, ओढून काढू नका. वर्षानुवर्षं चिकटलेला होज पिरगाळला की आतलं निपल (होज ज्यावर चढतो ते नळीचं टोक) मोडतं. ब्लेडने उभा चिरा द्या, केळीच्या सालासारखा सोलून निघतो. नवा होज तसाही घ्यायचाच आहे.

आता एल्बो. इथे घाई केलीत तर अर्ध्या दिवसाचं काम चार दिवसांचं होईल. तारेच्या ब्रशने आट्यांची कड साफ करा, गंज सोडवणारं तेल सोडा आणि घरी जा. सकाळी पुन्हा तेल, आणि छोट्या हातोडीने भोवती टकटक. हाणायचं नाही, नुसती थरथर जायला हवी, म्हणजे तेल आत उतरतं. मग पाना लावून आधी किंचित आवळायच्या दिशेने दाबा. गंजाची पकड तुटल्याचा बारीक 'टक्' हाताला कळतो. त्यानंतर सोडवा: पाव फेरा पुढे, थोडा मागे, परत तेल. नाहीच हलला तर गॅसची ज्योत आहे, पण त्याआधी तेल पूर्ण पुसा, डिझेलच्या नळ्या आणि रबर बघा. ज्योत बाहेरच्या बिडाला द्या, एल्बोला नाही. भोक फुगलं पाहिजे.

आमचा तरीही मोडलाच. आटे आत, एल्बो हातात. हेल्पर म्हणाला, "ताई, इझी-आउट मारू?" मी नको म्हटलं. मोडका तुकडा पकडून काढायचं ते हत्यार कडक पोलादाचं असतं. आत मोडलं तर त्याच्यावर ड्रिलही चालत नाही. त्याऐवजी भोकात दोरा बांधलेली चिंधी कोंबली, म्हणजे कीस पाण्याच्या वाटेत जात नाही, आणि हॅक्सॉचं नुसतं पातं हातात धरून उरलेल्या नळीला आतून दोन उभ्या चिरा दिल्या. इंजिनच्या ब्लॉकचे आटे दिसायला लागायच्या जरा आधी थांबायचं. मग बोथट छिन्नीने तो तुकडा आत दुमडला आणि चिमट्याने बाहेर काढला. दोन तास लागले, ब्लॉकचे आटे शाबूत राहिले.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. मागच्या खेपेला मी कोपरखैरण्यात नळाच्या सामानाच्या दुकानातून अर्ध्या इंची एल्बो आणला होता. बसला छान. टेफलॉन गुंडाळला, आवळला. पुढच्याच फेरीत कसारा घाटात, रिकामी गाडी असून, तापमानाचा काटा वर. दोष दुकानदाराचा नव्हता. नळाच्या दुकानात मिळतात ते बीएसपी, म्हणजे ब्रिटिश मापाचे आटे, आणि माझ्या इंजिनचं भोक एनपीटी, म्हणजे अमेरिकन मापाचं. अर्ध्या इंचात दोन्हींना इंचाला १४च आटे असतात, म्हणून एकमेकांत जातात आणि जीव फसतो. पण बीएसपीच्या आट्याचा कोन ५५ अंश, एनपीटीचा ६०. वर आवळल्यासारखं वाटतं, आतून वाट उघडी. पाव इंचात निदान १९ आणि १८ असा फरक असतो, तिथे लवकर अडकतं आणि कळतं. तेव्हा जुना तुकडा, मोडका का होईना, खिशात घेऊन जा आणि आट्यांचा गेज लावून बघा. मी तुर्भ्याच्या लेथवाल्या काकांकडून पितळेचा करून घेतला. बिडाच्या ब्लॉकमध्ये पितळ चालतं. भोक ॲल्युमिनियमच्या हाउसिंगमध्ये असेल तर मात्र पितळ टाळा. दोन धातूंत कूलंट आलं की ॲल्युमिनियम आधी खाल्लं जातं.

बसवण्याआधी एनपीटीचा टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) ग्रीस लावून हाताने फिरवा, फक्त आटे साफ करण्यापुरता. नवा आटा पाडायचा नाही. मग चिंधी काढा. (आमची एकदा राहिली होती.) टेफलॉन मी सोडला, त्याचे तुकडे आत जातात. पाईपच्या आट्यांची पेस्ट लावा, टोकाचा पहिला आटा कोरडा ठेवून. हाताने जाईल तितका फिरवा, मग पान्याने दीड-दोन फेरे. एल्बोचं तोंड होजकडे यायला थोडं कमी पडत असेल तर पुढेच न्या. तोंड जुळवायला मागे फिरवला की सील तुटलं, सगळं काढून परत पेस्ट. ॲल्युमिनियमवर मात्र ताकद लावू नका, हाउसिंग तडकतं.

पेस्ट सुकायला एक रात्र. होज चढवताना साबणाचं पाणी, ग्रीस नाही. क्लिप निपलच्या उंचवट्याच्या मागे बसली पाहिजे, उंचवट्यावर नाही.

भरताना निम्मं कूलंट, निम्मं बॅटरीचं पाणी, म्हणजे डिस्टिल्ड पाणी. हळू ओता, हवा निघू द्या. गाडी आयडलवर ठेवून वरचा होज गरम होईपर्यंत थांबा. थर्मोस्टॅट उघडल्याची ती खूण. गाडी थंड झाल्यावर पातळी बघून परत भरा.

पहिली फेरी झाली की एल्बो कोरड्या फडक्याने पुसून भोवती खडूची रेघ ओढते आणि दुसऱ्या फेरीनंतर बघते. रेघ कुठे ओली होऊन पुसली गेली असेल तर पुन्हा घमेलं काढायचं. या वेळी कसारा दोनदा चढून आली, रेघ आहे तशी आहे.