घंटा वाजण्याआधीचे काम: गोव्यात अग्निशमन सेवेत येणाऱ्यांसाठी

भरती होऊन आलेल्या नवीन मुलांना मी विचारतो, या नोकरीत कशासाठी आलात? बहुतेकांचे उत्तर एकच असते, लोकांचे जीव वाचवायला. ते मनापासून दिलेले असते, ऐकून बरे वाटते. पण शिडीवरून कुणाला खांद्यावर घेऊन उतरण्याचा प्रसंग अख्ख्या नोकरीत मोजकाच येतो. त्याहून कितीतरी जास्त जीव असे वाचतात की ते वाचले हे कुणाला कळतही नाही, कारण आग लागतच नाही, किंवा लागली तरी माणसे आपल्या पायांनी बाहेर पडतात. हे काम तपासणीचे आहे. त्याबद्दल नवीन येणाऱ्यांना फारसे कुणी सांगत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

आधी इथली रचना समजून घ्या. मुंबई-पुण्यात अग्निशमन दल महापालिकेचे असते, गोव्यात ते राज्य सरकारचे आहे. अग्निशमन व आणीबाणी सेवा संचालनालयाचे मुख्यालय पणजीत सांतिनेजला आहे आणि म्हापसा, मडगाव, वास्को, फोंडा, डिचोली, वाळपई, पेडणे, कुडचडे, काणकोण अशी केंद्रे राज्यभर आहेत. म्हणजे बदली झाली की शहर तर बदलतेच, आगीची जातही बदलते. पणजीत मळा नावाच्या वस्तीतल्या अरुंद गल्ल्या, एकाला एक लागून भिंती, लाकडी माड्या आणि मंगलोरी कौले. वेर्ण्याला कारखाने. वाळपईला काजूच्या बागा आणि वाळलेले गवत. किनाऱ्यावर बांबू-झावळ्यांचे शॅक, जे पावसाआधी मोडतात आणि पुढच्या हंगामात नव्याने उभे राहतात. गेल्या वर्षी शॅक पाहिला होता म्हणून यंदा तो पाहिलेला ठरत नाही.

अभ्यासाचे म्हणाल तर राष्ट्रीय इमारत संहिता २०१६, तिचा चौथा भाग. आग आणि जीवितसुरक्षा याच भागात आहे. संहितेत इमारतींचे वापरानुसार गट केले आहेत. निवासी ए, शाळा-कॉलेजे बी, रुग्णालये सी, लोक जमतात त्या जागा डी, कचेऱ्या ई, दुकाने एफ, कारखाने जी, गोदामे एच आणि धोकादायक वापराच्या जागा जे. वाचताना हे सोपे वाटते. प्रत्यक्षात किनारी भागात एकाच इमारतीत खाली दारूचे दुकान, मधल्या मजल्यांवर गेस्ट हाऊस आणि गच्चीवर रेस्टॉरंट असते, म्हणजे तीन गट एकाच जिन्यावर अवलंबून. अशा वेळी पाटी काय म्हणते ते बाजूला ठेवायचे आणि रात्री अकरा वाजता तिथे काय चालते ते पाहायचे.

गर्दीचा हिशोबही तिथेच शिकावा लागतो. दालनात किती माणसे मावतात हे संहिता क्षेत्रफळावरून काढते. टेबल-खुर्च्या मांडून जेवायच्या जागेत माणशी जेवढे क्षेत्र धरतात, त्याच्या निम्म्याहूनही कमी दाटीने उभे राहण्याच्या जागेत धरतात. म्हणजे शनिवारी रात्री टेबले उचलून नाचायला जागा केली की माणसे दुपटीहून जास्त होऊ शकतात. दारे मात्र तेवढीच राहतात. ना हरकत दाखला जेवणाच्या जागेचा, वापर नाचाच्या जागेचा, ही तफावत मी फार ठिकाणी पाहिली आहे आणि अजूनही ती मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते.

डिसेंबर २०२५ मध्ये हडफड्यातल्या नाईट क्लबला आग लागली आणि २५ जण गेले. बहुतेक तिथलेच कामगार होते आणि बहुतेकांचा जीव ज्वाळांनी नव्हे, धुराने गेला. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १९९७ साली ५९ जण गेले, तिथेही गुदमरूनच. म्हणून नवीन माणसाने आगीआधी धूर शिकावा. तो वर चढतो, जिना मिळाला की जिन्यातून वर जातो आणि छताशी साचून खाली उतरू लागतो. दिवे जातात. रोज त्या वाटेने जाणाऱ्यालाही दार सापडत नाही. तपासणीला जाल तेव्हा प्रत्येक खोलीच्या मध्यभागी उभे राहा आणि दिवे गेले, धूर कमरेपर्यंत उतरला, तर इथून कुठे जाल ते ठरवा. उत्तर चटकन सुचले नाही, तर तिथल्या पाहुण्याला ते कधीच सुचणार नाही.

एक तपासणी सविस्तर सांगतो. जागा कुठली ते महत्त्वाचे नाही, अशा पुष्कळ आहेत. दोन मजली रेस्टॉरंट, समोरून देखणे. मालकाने भिंतीवरची आग विझवायची लाल नळकांडी दाखवली, सगळ्यांवर ताजी लेबले. आम्ही मागच्या जिन्याकडे गेलो. दाराला कुलूप नव्हते, पण दार अर्धेच उघडत होते, कारण पलीकडे बिअरचे क्रेट रचले होते. मालक म्हणाला, "साहेब, आजच माल उतरला हो. संध्याकाळपर्यंत काढतो." मी खालच्या क्रेटवरून बोट फिरवले, तर धुळीत रेघ उमटली. मी म्हटले, "भाऊ, वरचा आजचा असेल. खालचा चतुर्थीच्याही आधीचा आहे." तो गप्प झाला.

मग स्वयंपाकघर. व्यवसायाचे १९ किलोचे सिलिंडर बाहेर जाळीच्या कोठीत असायला हवेत. तिथे दोन होते, पण आणखी दोन आत, ओट्याखाली, उतरत्या फरशीच्या टोकाला. एलपीजी हवेपेक्षा जड. गळला तर खाली बसतो, फरशीवरून सरकत खोलगट जागा गाठतो आणि तिथे फ्रीजच्या एका ठिणगीची वाट पाहतो. हवेत साधारण दोन टक्के मिसळला तरी पेट घेण्याइतका होतो. हे मी मालकाऐवजी आचाऱ्याला सांगितले, कारण रेग्युलेटर बंद करणारा हात त्याचा आहे. चिमणीच्या जाळीतून तेल ठिबकत होते. तेलाच्या कढईला लागलेल्या आगीवर पाणी टाकले तर काय होते, विचारले. त्याला ते पुरते ठाऊक होते. त्याच्या दंडावर जुना डाग होता.

शेवटी मी एक प्रश्न विचारला, तो तुम्हीही प्रत्येक ठिकाणी विचारा. रात्री इथे कोण झोपते? मालक म्हणाला, कुणी नाही. भांडी घासणारा मुलगा मात्र वर पाहत राहिला. वरच्या माळ्यावर चटया होत्या, मोबाइलचे चार्जर एकाच बोर्डात खोचलेले, खिडकीला गज. झारखंड, ओडिशाकडून आलेली पोरे तिथे झोपत होती. कुठल्याही नकाशात त्या माळ्यावर माणूस नव्हता. त्या दिवशीच्या नोटिशीत पहिला मुद्दा माळ्याचा होता, क्रेटचा दुसरा.

उपकरणे तपासताना लेबलावर विसंबू नका. पावडरच्या नळकांड्याचा काटा हिरव्यात आहे का ते बघा, पिन आणि सील बघा, आणि ते उलटेसुलटे करून आतली पावडर हलते का ते अजमावा. वर्षभर एका जागी टांगलेली पावडर तळाशी घट्ट बसते. कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्याला काटा नसतो, ते वजन करूनच कळते. भरलेल्या वायूत दहा टक्क्यांहून जास्त घट असेल तर ते परत भरायला पाठवायचे. उंच इमारतीत, म्हणजे १५ मीटर किंवा त्याहून उंच, आगीसाठीच्या पाण्याच्या पाइपचा सगळ्यात वरच्या मजल्यावरचा व्हॉल्व्ह स्वतः उघडून पाहा. खाली पंपाच्या खोलीत सगळे चकचकीत असते, आणि वर आधी गंजाचे पाणी येते, मग नुसती हवा. बहुतेक वेळा पंप 'ऑटो'वर नसतो, कुणीतरी आवाजाला कंटाळून 'मॅन्युअल'वर केलेला असतो. आगीत छतावरून आपोआप पाणी फवारणाऱ्या स्प्रिंकलरची लाल काच ६८ अंशांना फुटते, पण तिच्यावर रंगकाम करणाऱ्याने पांढरा रंग फासला असेल तर ती वेळेत फुटेल याची खात्री उरत नाही.

विजेचे गोव्यातले मूळ दुखणे म्हणजे खारी हवा. किनाऱ्यालगत मीटरच्या पेटीतले पितळी स्क्रू हिरवे पडतात, जोड सैल होतात, सैल जोड तापतो. त्यात एसी वाढले की एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की वीज आपोआप तोडणारा खटका, पडू लागतो आणि लोक वायर न बदलता मोठा एमसीबी बसवतात. एमसीबी पडायचा थांबतो, त्याच्याऐवजी आता वायर तापते. हे घराघरात समजावून सांगावे लागते. चतुर्थीला माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या फळापानांच्या सजावटीच्या, आसपास दिव्यांच्या माळा, कापडी सजावट आणि एकाच एक्स्टेन्शनवर चार जोड असतात, त्याआधी वाड्यावर जाऊन बोललेले कामी येते.

पुढे नरकासुर. दिवाळीच्या पहाटे चौकाचौकात बांबू, गवत आणि कागदाचे पुतळे पेटतात, पोटात फटाके. मंडळांची पोरे उत्साही असतात, त्यांना 'नको' म्हणून काही होत नाही. वर वीजवाहिनी आहे का, शेजारी गाड्या किती, पेट्रोल पंप किती दूर, पाण्याच्या बादल्या कुठे, एवढे त्यांच्यासोबत उभे राहून ठरवले तर ते आनंदाने ऐकतात. निदान माझा अनुभव तसा आहे.

फेब्रुवारी ते मे हे दिवस सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, गवताचे आणि काजूच्या हंगामाचे. काजूफेणीच्या भट्ट्या पेटलेल्या असतात, बागेत पालापाचोळा साचलेला असतो, आणि कुणीतरी तो जाळून मोकळे व्हायला बघतो. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात वणवे पसरले तेव्हा नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे आणून पाणी टाकावे लागले होते. तिथे बंब पोचत नाही. बागायतदाराने वेळेत काढलेली जाळरेषा, म्हणजे गवत-पाला साफ करून मोकळी ठेवलेली पट्टी, कामी येते. पंचायतीच्या बैठकीत, देवळाच्या सभामंडपात, शेतकऱ्यांसमोर हे बोलता आले पाहिजे, म्हणून लाज सोडून बोलायला शिका. १४ एप्रिलपासूनचा अग्निशमन सेवा सप्ताह यासाठीच असतो. १९४४ साली त्या तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला आणि ६६ अग्निशमन कर्मचारी कामावर असताना गेले. जहाजात कापसाच्या गाठी आणि स्फोटके एकत्र भरलेली होती. शाळेत ही हकिकत सांगा, मुले फार लक्ष देऊन ऐकतात.

आणखी एक काम तपासणीत धरले जात नाही, पण माझ्या लेखी ते धरायला हवे. बंब घेऊन रात्री गल्ल्यांतून फिरा, आणि फिरायचे ते हंगामातच. दिवसा मोकळा दिसणारा रस्ता डिसेंबरात रेंट-अ-बाइकच्या रांगांनी अर्धा होतो. कुठल्या वळणाला मोठी गाडी वळत नाही, कुठे केबल खाली लोंबते, कुठली विहीर उन्हाळ्यातही भरलेली असते, हे वहीत लिहा. साधारण ४,५०० लिटरचा बंब मोठा फवारा सोडला की दहा मिनिटांच्या आसपास रिकामा होतो. पुढचे पाणी कुठून येणार हे तेव्हा शोधत बसायला वेळ नसतो.

नोटीस लिहिताना मोघम लिहू नका. 'सुरक्षा व्यवस्था सुधारावी' या वाक्याने काही हलत नाही. 'मागील जिन्यातील क्रेट व दाराची कडी आठ दिवसांत काढावी, माळ्याचा निवासासाठी वापर आजपासून बंद करावा' असे लिहिले की पुढच्या वेळी काय तपासायचे ते दोघांनाही ठाऊक असते. परवाना देणाऱ्या पंचायतीला किंवा पालिकेला प्रत जाऊ द्या. फेरतपासणीची तारीख टाका आणि त्या तारखेला खरोखर जा, शक्यतो गर्दीच्या वेळी. मालक चिडतात, ओळखी सांगतात, चहा पुढे करतात. चहा नाकारताना आवाज चढवायची गरज नसते. माणूस मूळचा वाईट असतो असेही नाही. जागेचे भाडे जबर, हंगाम चार महिन्यांचा, आणि जिना रिकामा ठेवणे त्याला जागा फुकट घालवण्यासारखे वाटते. त्याच्याच कामगारांची नावे घेऊन बोललात तर तो बहुधा ऐकतो.

भरतीबद्दल थोडक्यात. गोवा सरकारच्या पदांना कोंकणी येणे आवश्यक असते, मराठी येत असेल तर चांगलेच. निवासाचा दाखला आधीच काढून ठेवा, ऐन वेळी तलाठी आणि मामलेदार कचेरीत वेळ जातो. धावणे, पोहणे आणि उंचीची भीती यांवर काम सुरू करा. पुढे अधिकारी व्हायचे असेल तर नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयाचे अभ्यासक्रम पाहा. ही संस्था १९५६ पासूनची आहे आणि तिथे अग्निशमन अभियांत्रिकीची पदवीही आहे. विज्ञान शाखेच्या मुलांनी भौतिकशास्त्र सोडू नये, पाण्याचा दाब आणि उष्णतेचे वहन रोज लागते. ज्यांना आधी नुसते बघायचे आहे, त्यांनी एप्रिलच्या सप्ताहात जवळच्या केंद्रात जावे. तिथे बंब आणि शिडी दाखवतात. ते बघून झाले की तपासणीला जाणारे अधिकारी कोण, हे विचारा आणि त्यांच्याशी अर्धा तास बोला.