वजन एकच, पण इंग्रजीत वे आणि वेट कुठे वापरायचं

माझा भाचा क्रूझवर नोकरीसाठी इंटरव्ह्यूची तयारी करतोय, परवा मला म्हणाला ‘आय वेट सिक्स्टी फाइव्ह किलोज’. ऐकणाऱ्याला वाटणार हा थांबलाय कुणासाठी तरी! वजनवाला वेट आणि थांबणारा वेट, उच्चार अगदी सेम, फक्त स्पेलिंग वेगळं.

आपली गडबड का होते, तर वजन हा एकच शब्द आपण सगळीकडे चालवतो. इंग्रजीत वेट म्हणजे वजन, नाम. वे म्हणजे क्रियापद, शेवटचा टी गेला. (दोन्हीत जी एच सायलेंट, आठ म्हणजे एट, त्यातल्यासारखं.)

आता माझी ट्रिक. मडगावच्या बाजारात सुरमई घेतली, आम्ही तिला इसवण म्हणतो, तर बाई ती काट्यावर *तोलते* आणि मासा अडीच किलो *भरतो*. मराठीत तोलणं किंवा भरणं बसलं की वे, फक्त वजन बसलं की वेट. ‘शी वेज द फिश’, ‘द फिश वेज टू अँड अ हाफ किलोज’, पण ‘द वेट ऑफ द फिश’. बांगड्यांचा वाटा घेतलात तर काटाच नाही, दोन्ही शब्द सुटले.

यातच पुढची मेख आहे, जिथे बरेच जण आपटतात. तोलणं हे काम आहे, ते चालू असू शकतं, म्हणून ‘शी इज वेइंग द फिश’ बरोबर. पण भरणं ही स्थिती, तिथे आयएनजी लावायचं नाही. ‘माय बॅग इज वेइंग फिफ्टीन किलोज’ असं मोपा विमानतळाच्या काउंटरवर कितीदा ऐकलंय, पाहिजे ‘माय बॅग वेज’. आणि प्रश्न विचारायचा तर ‘हाऊ मच डू यू वे’ किंवा ‘व्हॉट इज युअर वेट’, दोघांची खिचडी करून ‘हाऊ मच वेट आर यू’ नको.

भूतकाळ वेड. हसू नका, खरंच वेड.

वजन कमी झालं तर ‘आय लॉस्ट वेट’, एस लावू नका, वेट्स म्हणजे जिममधली लोखंडी वजनं. तसंच वजनकाट्याला वेइंग मशीन म्हणा, वेट मशीन म्हटलं तर बाहेरचा माणूस जिममधलं मशीन समजेल. आणि परीक्षेतलं आपलं लाडकं वेटेज, ते बहुतेक आपल्या देशातच चालतं.

बाकी शब्दाला वजन असणं इंग्रजीतही आहे, कॅरी वेट. तोलून बघणंही आहे, वे द ऑप्शन्स.

भाच्याला मात्र एक वेगळं सांगून ठेवलंय, वे चा जुना अर्थ उचलणं, वाहून नेणं असा होता आणि जहाजावर तो अजून टिकून आहे. तिथे कुणी ‘वे अँकर’ म्हणालं तर नांगर वर काढायचाय बाबा, काटा शोधत फिरू नको.