चौदा जण, तीन टेबलं: क्लबमध्ये बोर्ड गेमची संध्याकाळ कशी ठेवावी

हॉल मिळाला, चांगले खेळ आणले, माणसंही आली, तरी संध्याकाळ फसू शकते. बहुतेक वेळा कारण एकच असतं: लोक ताटकळतात. कोणी नियम ऐकत, कोणी स्वतःच्या पाळीची वाट बघत, तर कोणी जागा नाही म्हणून भिंतीला टेकून. त्यामुळे कोणते खेळ आणायचे यापेक्षा कोण कुठे बसेल आणि नियम कोण सांगेल, हे आदल्या दिवशी ठरवणं जास्त महत्त्वाचं.

चौदा जण असतील तर चार, चार आणि सहा अशी टेबलं करा. कॅटन हा बेटावर घरं-रस्ते बांधण्याचा खेळ; त्याचा मूळ बॉक्स तीन-चार जणांचाच आहे. पाचवा खेळाडू घ्यायचा तर वेगळा जोडबॉक्स विकत घ्यावा लागतो. तिकीट टू राइड, म्हणजे नकाशावर रेल्वेमार्ग बांधण्याचा खेळ, दोन ते पाच जणांत चालतो. कोडनेम्स हा इशाऱ्यावरून शब्द ओळखण्याचा खेळ दोन गटांत खेळतात, एक डाव पंधरा-वीस मिनिटांत संपतो आणि उशिरा आलेला माणूस कोणत्याही गटात सामावतो. म्हणून कोडनेम्सचं टेबल दाराजवळ लावा. आमच्या सोलापुरात हद्दवाढ भागातून, म्हणजे शहराला नंतर जोडलेल्या वस्त्यांतून, कामावरून थेट येणारे हमखास उशिरा पोहोचतात, त्यांची सोय आपोआप होते. लांब चालणारा खेळ मात्र ठरल्या वेळी सुरू कराच. एका माणसासाठी चौघांना थांबवलं, की पुढचं सगळं वेळापत्रक कोसळतं.

वेळ ऋतूप्रमाणे ठरवा. एप्रिल-मेमध्ये स्लॅबचा हॉल सातपर्यंत तापलेलाच असतो, तेव्हा साडेसात ते दहा बरं. थंडीत सहाला सुरुवात करता येते. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांच्या यात्रेचे दिवस आणि होम मैदानावरची गड्डा जत्रा सुरू असताना त्या बाजूचा हॉल घेऊ नका, गाडी लावायलाच अर्धा तास जातो.

टेबलावर सोलापुरी चादर घडी करून अंथरा. फासे त्यावर वाजत नाहीत, उड्या मारून खाली पडत नाहीत आणि पत्ते अलगद उचलता येतात. सनमायकावर पत्ता नखाने खरवडावा लागतो आणि त्याच्या कडा लवकर खराब होतात. खेळाचा पट मात्र सपाट बसायला हवा, तेव्हा घडीची सुरकुती पटाखाली येऊ देऊ नका. टेबल थेट पंख्याखाली नको, पत्ते उडतात. सोंगट्या आणि टोकन यांना प्रत्येकी एक स्टीलची वाटी द्या. पिवळ्या दिव्यात लाल आणि केशरी, निळा आणि काळा यांची गफलत होते, म्हणून पांढरा दिवा लावा आणि वीज गेली तर चार्ज केलेला एक दिवा हाताशी ठेवा.

खाणं दुसऱ्या टेबलावर, दोन डावांच्या मधे. शेंगाचटणीचं तेल पत्त्याला एकदा लागलं की निघत नाही आणि डागाचा पत्ता मागून ओळखू येतो, म्हणजे तो बादच. पाण्याच्या बाटल्या खुर्चीखाली.

आता नियम सांगणं, खरी मेख इथेच आहे. नियमपुस्तिका टेबलावर उघडून वाचायची नाही. सांगणाऱ्याने आदल्या रात्री पट मांडून दोन-तीन पाळ्या एकट्याने खेळून बघाव्यात. सांगताना क्रम असा: जिंकायचं कसं, आपल्या पाळीत काय करता येतं, डाव कधी संपतो. अपवाद ते येतील त्या वेळेला. दहा मिनिटांच्या वर गेलात तर ऐकणारे फोनकडे वळतात.

तिकीट टू राइड याच क्रमाने सांगून बघा. प्रत्येकाला रेल्वेचे 45 छोटे डबे आणि 4 पत्ते. तिकिटं (कोणती दोन शहरं जोडायची ते सांगणारी) 3 मिळतात, त्यातली किमान 2 ठेवायची. पाळीत तीनपैकी एकच गोष्ट: पत्ते घ्या, मार्ग बांधा किंवा नवी तिकिटं घ्या. एखाद्याकडे 2 किंवा कमी डबे उरले, की त्याच्यासह प्रत्येकाला शेवटची एक पाळी. लांब मार्गाला गुण झपाट्याने वाढतात, हे आधीच सांगा: 3 डब्यांना 4 गुण, 6 डब्यांना 15. उघडं इंजिन (कोणत्याही रंगाच्या जागी चालणारा पत्ता) उचललं तर त्या पाळीत दुसरा पत्ता मिळत नाही, हा नियम हमखास विसरला जातो. अमेरिकेच्या नकाशावरची शहरं नवख्याला सापडत नाहीत; तिकिटावरच छोट्या नकाशात दोन्ही ठिकाणं दाखवलेली असतात, तिकडे बोट दाखवा.

कॅटनमध्ये नवखे सुरुवातीच्या दोन घरांतच हरतात. दोन फाशांवर 6 आणि 8 प्रत्येकी 36 पैकी 5 वेळा येतात, 2 आणि 12 फक्त एकेकदा. फरशीवरच्या आकड्याखालचे ठिपके तेच सांगतात, आणि तो आकडा पडला तरच तिथल्या घराला पत्ते मिळतात. एखाद्याने कमी ठिपक्यांच्या कोपऱ्यात दोन्ही घरं बांधली, तर पुढचा तास-दीड तास तो नुसता बसून राहतो. पहिल्यांदा खेळणाऱ्यांना पुस्तिकेत नवशिक्यांसाठी दिलेली तयार मांडणीच द्या. आणि 7 पडला की सातपेक्षा जास्त पत्ते असलेल्याने निम्मे टाकायचे, हे पहिल्याच फेरीत सांगा. नंतर सांगितलं तर भांडणं होतात, आणि रास्तच होतात.

सोलापुरात एका टेबलावर मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारे सहज भेटतात. चित्रांवर चालणाऱ्या खेळांत अडचण नाही. कॅटनच्या विकासपत्त्यांवरचा इंग्रजी मजकूर एका कागदावर मराठीत उतरवून मध्ये ठेवला की पुरे. कोडनेम्सचे इंग्रजी शब्दपत्ते मात्र बाजूला ठेवून स्वतःचे बनवा. जाड कार्डपेपरचे व्हिजिटिंग कार्डाएवढे 100 तुकडे कापा आणि प्रत्येकावर शब्द सुलट-उलट असा दोनदा लिहा, म्हणजे दोन्ही बाजूंनी वाचता येईल. बॉक्समधली किल्लीची कार्डं (कोणता शब्द कोणाचा, ते इशारा देणाऱ्यालाच दाखवणारी) तशीच वापरायची: पटावर 25 शब्द, सुरुवात करणाऱ्या गटाचे 9, दुसऱ्याचे 8, तटस्थ 7 आणि एक मारेकरी, म्हणजे निवडला की डाव हरवणारा शब्द. शब्द अनेक अर्थांचे निवडा: पान, हार, माग, कळ, चाल, मान, अंक, पात्र, भाव, तार. ‘पुस्तक 2’ असा इशारा दिला (म्हणजे पुस्तकाशी जुळणारे दोन शब्द शोधा), की पानाबरोबर अंक निघतो, पण पात्रही खुणावतं. गंमत त्या घोळातच आहे. नुसती ‘खुर्ची’, ‘टेबल’ अशी नामं भरली तर डाव सपक होतो.

मराठीसाठी दोन गोष्टी आधी ठरवा. पटावर ‘पान’ असेल तर ‘पानात’ किंवा ‘पानवाला’ हा इशारा चालणार नाही. आणि जोडून लिहिला जाणारा शब्द एकच धरायचा. इशारा टेबलावरच्या सगळ्यांना समजणाऱ्या भाषेतच हवा. एकाच खेळाडूला कळणारा तेलुगू शब्द हा इशारा नव्हे.

संपवायच्या ठरलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी नवा मोठा डाव सुरू करू नका. आवरताना मोजून भरा: कॅटनच्या 19 षटकोनी फरशा, संसाधनांचे 95 पत्ते, तिकीट टू राइडचे प्रत्येक रंगाचे 45 डबे आणि 3 जादा. काही कमी भरलं तर आधी चादर झटका, त्यानंतर खुर्च्यांखाली बघा. तरीही सापडलं नाही तर काय कमी आहे ते चिठ्ठीवर लिहून झाकणाच्या आत चिकटवा, म्हणजे पुढच्या वेळी मांडणारा माणूस शोधत बसणार नाही.